डॉक्टर, माणूस वाचेल ना?

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील एका मराठी घरात, देवघराशेजारच्या कोनाड्यात, दोनशे पानी एक शाळकरी वही अजून ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या पंधरा-सोळा पानांवर पट्टीने आखलेले रकाने असून त्यांत तारीख, रक्तातील प्राणवायू, नाडी, रक्तदाब, ताप, लघवीचे प्रमाण असे आकडे सुवाच्य अक्षरांत भरलेले आहेत. पुढची पाने कोरी आहेत. ही वही माझ्या मावसबहिणीची. ती गणिताची शिक्षिका. २०२१ च्या मे महिन्यात तिचे वडील, आम्हां सर्वांचे अप्पा, कोरोनाने आजारी पडून अतिदक्षता विभागात होते. नातेवाइकांना आत जाण्यास मनाई होती. दररोज सायंकाळी पाच ते सहाच्या दरम्यान विभागातील डॉक्टरांचा दूरध्वनी येई आणि ते सांगतील ते आकडे ही मुलगी वहीत उतरून घेई. संभाषणाचा शेवट मात्र रोज एकाच प्रश्नाने होई. तो प्रश्न मावशी मागून विचारी : “डॉक्टर, माणूस वाचेल ना?”

हा प्रश्न ज्याने कधी विचारला नाही असे कुटुंब विरळाच. वैद्याला तो प्राचीन काळापासून विचारला जात आहे. आपल्याकडील चरकसंहितेत ‘इंद्रियस्थान’ नावाचा बारा अध्यायांचा एक संपूर्ण विभागच या विषयाला वाहिलेला आहे. रुग्णाचा वर्ण, स्वर, गंध, छाया, स्वप्ने, इतकेच नव्हे तर वैद्याला बोलावण्यास आलेल्या दूताची लक्षणे यांवरून मृत्यू जवळ आला आहे काय, हे ओळखण्याचा प्रयत्न त्यात आहे. रोगांची सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी विभागणीही चरकाने केली आहे. दूताच्या लक्षणांवर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु नुसत्या आशेवर न विसंबता लक्षणे मोजूनमापून पुढचा अंदाज करावा, ही धडपड जुनी आहे एवढे त्यावरून दिसते.

आधुनिक वैद्यकात या धडपडीला आकड्यांचे रूप आले ते गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत. अमेरिकेतील डॉ. विल्यम क्नाउस आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी एक गुणपद्धती सुचविली आणि १९८५ साली तिची सुटसुटीत आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे आद्याक्षरांवरून बनविलेले नाव ‘अपाची’ असे आहे. रुग्ण विभागात आल्यापासूनच्या पहिल्या चोवीस तासांत शरीराची बारा मापे घ्यावयाची : ताप, रक्तदाब, नाडी, श्वासांची गती, रक्तातील प्राणवायू, रक्ताची आम्लता, सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडाचे कार्य दाखविणारे क्रिएटिनिन, तांबड्या पेशींचे प्रमाण, पांढऱ्या पेशी आणि शुद्धी. प्रत्येक माप स्वाभाविक पातळीपासून जितके दूर, तितके गुण अधिक. त्यांत वयाचे आणि जुन्या आजारांचे गुण मिळवावयाचे. बेरीज शून्यापासून ७१ पर्यंत जाऊ शकते. शाळेच्या गुणपत्रिकेच्या नेमके उलटे प्रकरण आहे हे. येथे गुण जितके कमी तितके घरच्यांनी पेढे वाटावेत. तेरा रुग्णालयांतील ५,८१५ रुग्णांच्या नोंदींवर ही पद्धती पारखून घेण्यात आली होती आणि गुण चढत गेले की मृत्यूचे प्रमाणही चढत जाते, हे तिने स्पष्टपणे दाखवून दिले.

त्यानंतर १९९६ साली ब्रुसेल्सचे डॉ. झाँ-लुई व्हिन्सेंट आणि युरोपातील त्यांचे सहकारी यांनी आणखी एक पद्धती मांडली. तिचे लघुनाम ‘सोफा’. (अत्यवस्थ रुग्णाच्या उशाशी असे आरामशीर नाव का निवडले असावे, असा विचार मनात येतो खरा.) तिच्यात फुप्फुसे, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंडे या सहा संस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण असतात, एकूण गुण २४. ही मापे रोज घेता येतात. त्यामुळे रुग्ण कालच्यापेक्षा आज कोठे आहे हे कळते. या पद्धतीच्या जनकांनी एक गोष्ट आरंभीच नमूद केली होती आणि ती पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेली. ती अशी की, अवयवांची दुरवस्था कशी वाढत जाते याचे वर्णन करण्यासाठी ही पद्धती आहे, रुग्णाचे भवितव्य वर्तविण्यासाठी नव्हे.

आता अशा गुणांचा अर्थ घरच्या माणसांनी काय घ्यावा? आयुर्विमा महामंडळाचे उदाहरण घेऊ. साठ वर्षांच्या एक लाख विमेदारांपैकी येत्या वर्षात साधारणपणे किती जण दगावतील, हे महामंडळातील गणिती बऱ्याच अचूकपणे सांगू शकतो. त्याचा हप्त्यांचा सगळा हिशेब त्यावरच उभा असतो. परंतु ‘मी जगेन काय?’ असे त्या लाखांतल्या एकाने विचारले, तर तो गणिती निरुत्तर होईल. अतिदक्षता विभागातील गुणांचे असेच आहे. एखाद्या गुणसंख्येला मृत्यूचा संभव शेकडा ४० असतो, याचा अर्थ अशा १०० रुग्णांपैकी सुमारे ४० दगावतात आणि ६० घरी जातात. आपला माणूस त्या ४० मध्ये की ६० मध्ये, हे त्या आकड्यात कोठेही लिहिलेले नसते. तो स्वतः शेकडा ४० मरत नाही. तो पुरता जगतो किंवा पुरता जातो.

माझ्या मावसबहिणीला, ती गणिताची शिक्षिका असूनही, हे पचविणे जड गेले. तिसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरांना स्पष्ट विचारले की मला टक्केवारी सांगा. डॉक्टर म्हणाले, “अशा दहा रुग्णांपैकी किती जण घरी जातात हे मी अंदाजाने सांगू शकेन, पण तुमचे वडील त्या दहांतले कितवे, हे मला ठाऊक नाही.” तिला तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. आज ती म्हणते की त्या आठवड्यात तिला मिळालेले ते सर्वांत प्रामाणिक उत्तर होते.

कोरोनाच्या बाबतीत तर या गुणपद्धतींची कसोटीच लागली. अमेरिकेतील काही राज्यांनी श्वसनयंत्रे अपुरी पडल्यास ती कोणास द्यावीत हे ठरविण्यासाठी ज्या नियमावल्या तयार केल्या, त्यांत सोफा गुणांना महत्त्वाचे स्थान होते. ते गुण या कामास कितपत योग्य आहेत, याची परीक्षा नैर्ऋत्य अमेरिकेतील अठरा अतिदक्षता विभागांच्या नोंदींवरून करण्यात आली आणि तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. श्वसनयंत्राची गरज लागलेले ६७५ कोरोना-रुग्ण त्यात होते. ही परीक्षा कशी असते ते समजण्यासारखे आहे. दगावलेला एक आणि वाचलेला एक अशी रुग्णांची जोडी घ्यावयाची, आणि दोघांपैकी कोण दगावला असेल हे केवळ गुणांवरून ओळखावयाचे. नाणे उडवून ठरविले तरी शंभर जोड्यांपैकी पन्नास वेळा उत्तर बरोबर येईल. सोफा गुणांनी ते शंभरांत ५९ वेळा बरोबर आले. केवळ रुग्णाचे वय पाहून सांगितले असते, तर ६६ वेळा बरोबर आले असते! म्हणजे सहा संस्थांच्या तपासण्या करून काढलेल्या गुणांपेक्षा जन्मतारखेचा दाखला अधिक बोलका ठरला.

असे का व्हावे? सोफा पद्धती घडली ती मुख्यतः रक्तात जंतुदोष पसरून एकामागून एक अवयव निकामी होणाऱ्या रुग्णांच्या अनुभवावर. कोरोनाचा अत्यवस्थ रुग्ण आरंभी तसा नसतो. त्याची फुप्फुसे अतिशय वाईट असतात, परंतु यकृत, मूत्रपिंडे, रक्तदाब पुष्कळदा ठीक असतात. सहा विषयांपैकी एका विषयात तो पुरता नापास असतो आणि पाच विषयांत उत्तीर्ण. बेरीज केली की जवळजवळ सर्वच रुग्ण सारख्याच गुणांवर येऊन थांबतात. ज्या मोजपट्टीवर सर्वांची उंची एकच भरते, तिच्यावरून उंच आणि ठेंगणा हा भेद कसा करावा? श्वसनयंत्रावरील रुग्णाला झोपेची औषधे दिलेली असल्याने त्याच्या शुद्धीचे गुण ठरविणेही अवघड होऊन बसते, ही त्यात आणखी एक अडचण.

जुन्या पट्ट्या चालत नाहीत म्हटल्यावर नव्या तयार करण्याची जगभर एकच लगबग उडाली. एप्रिल २०२० मध्ये, साथ सुरू होऊन चार महिने झाले नाहीत तोच, कोरोनाविषयीची अशी ३१ भाकितसूत्रे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील परीक्षणात तपासण्यात आली. परीक्षकांच्या मते त्या सर्वांमध्ये चुकीचा कौल निघण्याचा मोठा धोका होता. कारणे पाहिली तर कोणत्याही व्यवहारी गृहिणीस पटतील अशी होती. पुष्कळ अभ्यासांत, हिशेब मांडावयाच्या दिवशी जे रुग्ण अजून खाटेवरच होते, त्यांना सरळ वगळण्यात आले होते. घरी गेलेले मोजले, दगावलेले मोजले. मधले कोणीच नाहीत! महिना संपण्यापूर्वीच वाणसामानाचा हिशेब बंद करण्यासारखे झाले हे.

वूहानमधील एका सूत्राची त्या वेळी वृत्तपत्रांतून बरीच वाखाणणी झाली. रक्तातील केवळ तीन गोष्टी, म्हणजे पेशींच्या नासाडीने वाढणारे एक विकर, दाह दर्शविणारे एक प्रथिन आणि पांढऱ्या पेशींपैकी लसिका पेशींचे प्रमाण, पाहून मृत्यूचे भाकित शंभरांत नव्वदांहून अधिक वेळा अचूक येते असा त्याचा दावा होता. पुढे इतर देशांतील रुग्णांवर ते लावून पाहिले, तेव्हा तितके यश आले नाही. सूत्र घडविताना अनेक रुग्णांचे शेवटचे, म्हणजे घरी जाण्याच्या किंवा मृत्यूच्या निकट घेतलेले, रक्त वापरले होते, हा त्यावरील एक आक्षेप होय. नाव काठाला टेकत असताना ती काठाला लागेल असे सांगण्यास फारशी विद्या लागत नाही. रुग्ण दारातून आत येतो त्या क्षणी सांगता येईल तरच भाकित उपयोगी.

सर्वच प्रयत्न वाया गेले असे मात्र नाही. ब्रिटनमधील २६० रुग्णालयांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या आणि सप्टेंबर २०२० मध्ये एक साधी गुणपद्धती सिद्ध केली. वय, स्त्री की पुरुष, जुने आजार किती, श्वासांची गती, रक्तातील प्राणवायू, शुद्धी, रक्तातील युरिया आणि दाह दाखविणारे प्रथिन अशा केवळ आठ गोष्टी तिच्यात पाहतात. गुण तीन किंवा त्याहून कमी असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे एकच दगावला. पंधरा किंवा अधिक गुण असलेल्यांपैकी शंभरांत सुमारे ६२. रुग्णालयात आलेल्यांपैकी कोणास घरी पाठविले तरी चालेल आणि कोणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, हे ठरविण्यास ही पद्धती खरोखर उपयोगी पडली. ती अमुक माणूस जाईल असे म्हणत नाही. ‘या खाटेकडे अगोदर वळा’ असे सांगते. माझ्या मते अशा आकड्यांचे खरे काम तेच.

भाकिताचे आणखी एक दुबळेपण आहे. ते उपचाराबरोबर शिळे होते. अतिदक्षता विभागाच्या जन्मकथेतच याचा दाखला सापडतो. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या आणि त्या काळच्या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्या ऑगस्टमध्ये कोणी गुणपद्धती तयार केली असती, तर ‘असाध्य’ हाच शेरा तिने दिला असता आणि तो आकड्यांनी सिद्धही झाला असता. परंतु डॉ. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या श्वासनलिकेला छेद देऊन तीत नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्यास आरंभ केला. यंत्रे पुरेशी नव्हती. म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. पुढील महिन्यांत मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. रोग तोच होता आणि रुग्णही तसेच होते. बदलले ते केवळ उशाशी बसलेले हात.

कोरोनात हेच पुन्हा घडले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून असे निष्पन्न झाले की, डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारे स्टेरॉइड दिल्याने श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू शेकडा ४१ वरून २९ वर येतात. त्यापूर्वी तयार झालेले प्रत्येक सूत्र त्या दिवसापासून काही अंशी जुने झाले. त्यानंतर लस आली, विषाणूही बदलला, आणि सूत्रे आणखी जुनी होत गेली.

तसेच भाकित स्थळाबरोबरही बदलते, याचा अनुभव बंगळूरने २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत घेतला. शहरात एकेका दिवसास वीस हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळत होते. एरवी वीज गेल्याची तक्रार ज्या १९१२ क्रमांकावर करावयाची, त्यावर लोक खाटेसाठी दूरध्वनी करीत होते. कोणास घरी ठेवावे आणि कोणास रुग्णालयात न्यावे, हे पाहून ठरविण्यासाठी महानगरपालिकेने वॉर्डांतून तपासणी केंद्रे उघडली. अप्पांना खाट मिळण्यास दीड दिवस लागला. या दीड दिवसाला कोणत्याही गुणपद्धतीत रकाना नाही. लंडनच्या सुसज्ज रुग्णालयातील नोंदींवरून घडविलेले सूत्र असे गृहीत धरते की, भिंतीतील नळातून प्राणवायू येतच राहील. बंगळूरच्या दक्षिणेस असलेल्या चामराजनगर येथील जिल्हा रुग्णालयात २ आणि ३ मे २०२१ च्या दरम्यान, प्राणवायूच्या तुटवड्याच्या वेळी, एका अहोरात्रीत २४ रुग्ण दगावले. त्यांचे गुण काय होते हा प्रश्नच तेथे गैरलागू होता.

कर्नाटकाने या संकटात केलेला एक प्रयत्न मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अतिदक्षता विभाग चालविण्याचे शास्त्र जाणणारे तज्ज्ञ बहुतेक बंगळूरसारख्या मोठ्या शहरांत एकवटलेले, आणि रुग्ण तर जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेले. म्हणून २०२० मध्ये बंगळूरमधील तज्ज्ञांनी दूरदृश्य यंत्रणेद्वारे जिल्हा रुग्णालयांतील अत्यवस्थ रुग्णांची फेरी घेण्यास सुरुवात केली. तेथील डॉक्टर रुग्णाची मापे समोर ठेवीत आणि बंगळूरचा तज्ज्ञ उपचारात काय बदल करावा ते सुचवी. पुढे २०२१ मध्ये बंगळूरच्याच काही तंत्रज्ञांच्या पुढाकाराने लहान गावांतील सरकारी रुग्णालयांत दहा-दहा खाटांचे अतिदक्षता विभाग उभारून ते मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांशी जोडण्याची योजना सुरू झाली, आणि ती इतर राज्यांतही गेली. येथे आकडे वापरले जातात ते रुग्णाचे भविष्य सांगण्यासाठी नव्हे. दोनशे कोसांवरच्या तज्ज्ञाची नजर नेमक्या खाटेवर पडावी, यासाठी ते वापरले जातात.

या विषयात एक धोका असा आहे की, तो सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. भाकित स्वतःलाच खरे करून दाखवू शकते. एखाद्या रुग्णाचे गुण वाईट आले, म्हणून त्याच्यावरचे उपचार आखडते घेतले, तर तो दगावेल. आणि मग नोंदवहीत लिहिले जाईल की भाकित बरोबर आले. अशा शंभर नोंदी साचल्या की त्यांतून पुढचे सूत्र तयार होणार आणि ते अधिकच निष्ठुर असणार. म्हणूनच जाणते डॉक्टर एका दिवसाच्या गुणांवर निर्णय करीत नाहीत. ते दोन-तीन दिवसांचा कल पाहतात. घरच्या माणसांनीही ‘आज गुण किती?’ याऐवजी ‘परवापेक्षा आज कोणती गोष्ट सुधारली आणि कोणती बिघडली?’ असे विचारले, तर उत्तर अधिक उपयोगाचे मिळते. मावसबहिणीने चौथ्या दिवसापासून तसेच विचारावयास सुरुवात केली, आणि वहीत रकान्यांशेजारी बाणांच्या खुणा दिसू लागल्या.

शास्त्रज्ञ तेथेच थांबलेले नाहीत. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जर्मनी व ऑस्ट्रियातील ५० अत्यवस्थ कोरोना-रुग्णांच्या रक्तातील शेकडो प्रथिने मोजली. त्यांपैकी चौदा प्रथिनांची पातळी पाहून, निकाल लागण्याच्या कित्येक आठवडे आधी तो सांगता येतो काय, हे त्यांनी तपासले. रक्त गोठण्याच्या आणि शरीराच्या संरक्षणाच्या क्रियांशी त्या प्रथिनांचा मुख्यतः संबंध आहे. स्वतंत्रपणे तपासलेल्या २४ रुग्णांत त्यांचे सूत्र विलक्षण यशस्वी ठरले. वाचलेल्या १९ पैकी १८ जण वाचतील आणि दगावलेले पाचही जण दगावतील, असे त्याने आधीच सांगितले होते. हे वाचून कोणीही चकित व्हावे. तरीपण चोवीस हा आकडा फार लहान आहे. वूहानच्या सूत्राची गत पाहिलेल्या माणसाने टाळ्या वाजविण्यापूर्वी थोडे थांबावे हे बरे. शिवाय ते अठरा आणि पाच यांच्या मधला जो एक वाचला, त्याच्या घरच्यांना सूत्राचे उत्तर आधी कळले असते तर? संशोधकांना स्वतःलाही या पद्धतीचा उपयोग कोणाचे उपचार थांबविण्यासाठी अभिप्रेत नाही. नवे औषध रुग्णास लागू पडते आहे की नाही, हे लवकर कळावे, हा तिचा एक संभाव्य उपयोग होय.

आता त्या वहीकडे पुन्हा वळतो. सहाव्या दिवशी अप्पांना श्वसनयंत्रावर ठेवण्यात आले. नवव्या दिवशी मूत्रपिंडे मंदावली. लघवीच्या रकान्यातील बाण खाली वळला आणि पुन्हा वर आला नाही. बाराव्या दिवशी डॉक्टरांचा दूरध्वनी नेहमीपेक्षा लवकर, दुपारीच आला.

चरकाने या प्रसंगाविषयी वैद्याला एक उपदेश केला आहे. मृत्यूची लक्षणे दिसत असली तरी विचारल्याशिवाय ती सांगू नयेत. विचारले तरी, जेथे त्यामुळे रुग्णाला किंवा इतर कोणाला आघात पोहोचेल तेथे सांगू नयेत. त्यामागील करुणा मला समजते. आपल्याकडील पुष्कळ डॉक्टर अजूनही तसेच वागतात आणि पुष्कळ कुटुंबांचीही तीच अपेक्षा असते. परंतु या एका बाबतीत चरकाशी सहमत होणे मला जमत नाही, आणि त्याचे कारण त्या दुपारचे डॉक्टर आहेत. मावशीने नेहमीचा प्रश्न विचारला. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग ते कन्नडमध्ये म्हणाले, “अम्मा, आम्ही सर्व उपचार चालूच ठेवले आहेत आणि ठेवू. पण मुलगा दूर असेल तर त्याला बोलावून घ्या. दोन दिवसांनी नको, आज.”

त्यांनी गुण सांगितले नाहीत, टक्के सांगितले नाहीत. बारा दिवसांच्या आकड्यांचा सारा अर्थ त्यांनी त्या तीन वाक्यांत दिला होता. मुलगा पुण्यास होता. टाळेबंदीत प्रवासाचा परवाना मिळविण्यात संध्याकाळ गेली. एका मित्राला सोबत घेऊन तो रात्री मोटारीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बंगळूरला पोहोचला. संरक्षक पोशाख चढवून त्याला दहा मिनिटे आत जाऊ दिले. अप्पा औषधांच्या गुंगीत होते. ते ऐकू शकत होते किंवा नाही, हे कोणीच सांगू शकले नाही. मुलाने त्यांच्या कानाशी वाकून बेळगावच्या जुन्या घराविषयी, परसातल्या आंब्याविषयी काही सांगितले, आणि आईचा निरोप सांगितला.

वहीत तेराव्या दिवशीचे रकाने कोरे आहेत. त्या संध्याकाळी डॉक्टरांचा दूरध्वनी आला होता, परंतु बहिणीने काही लिहून घेतले नाही. त्या पानावर भावाच्या अक्षरात फक्त वेळ टिपलेली आहे : ३.४० ते ३.५०.